बारदानाचे पाच ग्रॅम

मुनीमजींचा फोन आला तेव्हा मी मेहरूण तलावाला दुसरी फेरी मारत होतो. थंडीचे दिवस होते, काठावर बोरांच्या पाट्या लागल्या होत्या. "भाऊ, तुमचं मशीन बारदान खाऊन राह्यलं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी घरी न जाता तसाच एमआयडीसीतल्या डाळमिलवर गेलो.

तिथल्या वजनकाट्याचा प्रोग्राम माझा. भरलेल्या ट्रकचं वजन घ्यायचं, माल उतरल्यावर रिकाम्या ट्रकचं घ्यायचं, वजाबाकी करायची आणि उरलेल्यातून पोत्यांमागे बारदानाचं वजन कापून पावती छापायची. काम एवढंच. सकाळी तुरीची दोनशे पोती उतरली होती. पावतीवर छापलं होतं : बारदान वजा १ किलो. मुनीमजींनी पावती माझ्यापुढे धरली, बोलले काहीच नाहीत. पन्नास किलोचं तागाचं पोतं रिकामं असताना ५८० ग्रॅम भरतं. दोनशे पोत्यांचे ११६ किलो व्हायला हवे होते. म्हणजे एक क्विंटल पंधरा किलो ताग तुरीच्या भावाने विकत घेतला जाणार होता.

सेटिंगची फाईल उघडली. आदल्या संध्याकाळी मुनीमजींनी ती स्वतः दुरुस्त केली होती आणि फार नीटनेटकी केली होती. मोठ्या पोत्याच्या ओळीत १०२० होतं. त्याखाली लहान पोत्याचे ५८० एक घर सरकून दिसत होते, म्हणून त्यांनी पुढे शून्य लावून ०५८० केलं. खतावणीत आयुष्य गेलेला माणूस, आकडे एकाखाली एक आले नाहीत तर त्याला चैन पडत नाही.

आता माझा पराक्रम. प्रोग्राम सी भाषेत आहे. काट्याचा इंडिकेटर जुन्या सिरियल पोर्टला जोडलेला, आणि त्या पोर्टचा पत्ता सोळाच्या पायावर लिहायची पद्धत आहे. म्हणून आकडा वाचताना मी सीच्या तयार फंक्शनला सांगितलं होतं, की पाया कोणता ते तूच ओळख. ते आज्ञाधारकपणे ओळखतं. पुढे शून्य आणि एक्स असेल तर सोळाचा पाया, नुसतंच शून्य असेल तर आठाचा. आठाच्या पायात आठ हा अंकच नसतो. त्यामुळे ०५८० वाचताना त्याने शून्य घेतलं, पाच घेतला, आठ दिसताच थांबलं आणि उत्तर दिलं : पाच. पुढचे दोन अंक उरलेत हेही ते सांगतं, पण विचारलं तर. मी विचारलं नव्हतं.

यावर माझ्या धंद्यातला कोणीही सांगेल की नीट तपासायला हवं होतं. खरं आहे. मीही दुसऱ्याला तेच सांगितलं असतं. पण त्या फाईलमध्ये सदतीस सेटिंग होती. प्रत्येकाबद्दल निदान सात प्रश्न पडतात. ओळच नसेल तर काय? दोनदा असेल तर कोणती खरी? किंमत कोरी सोडली तर? आकड्याच्या जागी अक्षरं आली तर? आकडा मर्यादेबाहेर असेल तर? ग्रॅम की किलो? आणि बारदानाच्या जागी कोणी ‘बारदन’ लिहिलं तर प्रोग्रामने ओरडायचं, की ती ओळ आपली नाहीच असं समजून पुढे जायचं? सदतीस गुणिले सात, दोनशे एकोणसाठ निर्णय. मी ते रात्री अकरानंतर, एकेक करून, हाताने लिहिले होते. त्यातले किती खरोखर घेतले आणि किती नुसते घडले, हे सांगायची आज माझी हिंमत नाही.

आणि हे झालं फक्त वाचणाऱ्या कोडचं. तीच माहिती मी आणखी तीन ठिकाणी लिहिली होती : प्रोग्रामला मदत मागितली की दिसणाऱ्या मजकुरात, मिलला दिलेल्या चार पानी माहितीपुस्तिकेत आणि सोबतच्या नमुना फाईलमध्ये. पुस्तिकेत बारदान ग्रॅममध्ये लिहा असं होतं. नमुना फाईलमध्ये, पहिल्या आवृत्तीतलं राहून गेलेलं, ०.५८० होतं, म्हणजे किलो. चार ठिकाणी एकच गोष्ट लिहिली, की सहा महिन्यांत तिच्या चार गोष्टी होतात. हे मिलमधल्या पोराला कळतं. तो पावतीपुस्तकात पानाखाली कार्बन घालतो आणि एकदाच लिहितो. आपण प्रोग्रामर मात्र चारही प्रती वेगवेगळ्या बसून लिहितो आणि मग त्या जुळतात का हे बघायला टेस्टिंगचा माणूस नेमतो.

माझं म्हणणं या कार्बनबद्दल आहे. सेटिंगची फाईल आणि कमांड लाईनवरचे ऑप्शन वाचणारा कोड माणसाने हाताने लिहू नये. कोणती सेटिंग आहेत, कोणत्या प्रकारची, कुठपासून कुठपर्यंत, कशाबरोबर कोणतं चालत नाही, याचं वर्णन एकदाच लिहावं. वाचणारा कोड, मदतीचा मजकूर, पुस्तिका आणि नमुना या चारही गोष्टी त्या वर्णनातून यंत्राने तयार कराव्यात. अशा यंत्राला जनरेटर म्हणतात. (जळगावात जनरेटर म्हटलं की भारनियमन आणि डिझेलच आठवतं, त्याला इलाज नाही.)

यात नवीन काही नाही, आणि हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. इंजिनिअरिंगला असताना आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांचं सिस्टिम्स प्रोग्रामिंगचं पुस्तक माझ्याकडे होतं. महाराष्ट्रातल्या एका पिढीने कंपायलर म्हणजे काय ते त्या पुस्तकातून समजून घेतलं. त्यात अगदी सुरुवातीलाच प्रोग्राम जनरेटर येतो आणि उदाहरण म्हणून कंपायलर वगैरे भव्य काही नाही, साधा डेटा एंट्रीचा फॉर्म आहे. कर्मचाऱ्याचं नाव कोणत्या ओळीत, कितव्या जागेपासून, विवाहित की नाही याला मुळात कोणतं उत्तर धरायचं, एवढं लिहून द्यायचं. तो पडदा चालवणारा प्रोग्राम जनरेटर लिहितो. ढमढेऱ्यांचा मुद्दा असा, की आपल्या डोक्यातलं काम आणि प्रोग्रामिंगची भाषा यांत एक दरी असते. ती ओलांडताना चुका होतात. वर्णनाची भाषा कामाच्या जवळ आणली तर माणसाला ओलांडायची दरी लहान होते. उरलेली यंत्र ओलांडतं, आणि दर वेळी सारखीच ओलांडतं. परीक्षेत हे पाच मार्कांना यायचं. मी लिहिलंही होतं. त्यानंतर काट्याचा प्रोग्राम मी त्या दरीत उड्या मारत केला.

बेल लॅब्समधली लेक्स आणि याक ही साधनं १९७० च्या दशकापासून आहेत : व्याकरण लिहा, त्यानुसार मजकूर वाचणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, तयार मिळतो. व्याकरण मांडायच्या या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावं असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवलं होतं. आपल्याकडच्या भाषणांत या वाक्याला हमखास टाळ्या पडतात, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर सगळे आपापल्या कामावर परत जाऊन पार्सर हाताने लिहितात. पुण्याला टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात मोठ्या प्रणालींचा कोड मॉडेलवरून तयार करण्यावर वर्षानुवर्षं काम झालं. म्हणजे विद्या दूर होती असंही नाही.

सर्वांत चांगलं उदाहरण ज्या कंपायलरने माझा प्रोग्राम तयार केला त्याच्याच पोटात आहे. जीसीसी. आयआयटी मुंबईत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीसाठी एक केंद्रच चालवलं, त्याच्या पोटात शिरायचं कसं हे शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. जीसीसीला शेकडो ऑप्शन आहेत. त्यातला एकही ओळखणारा कोड हाताने लिहिलेला नाही, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही. प्रत्येक ऑप्शनची एका साध्या फाईलमध्ये नोंद असते. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत गुणधर्म : कोणत्या भाषांना लागू, कोणत्या चलात साठवायचा, दुसऱ्या कोणत्या ऑप्शनने आपोआप सुरू होतो. तिसऱ्या ओळीत मदतीचं वाक्य. बस्स. ऑक भाषेतल्या काही स्क्रिप्ट या नोंदी गोळा करतात आणि त्यातून सी भाषेतला भलामोठा तक्ता लिहून काढतात. नवा ऑप्शन घालणाऱ्याला तीन ओळी लिहाव्या लागतात, आणि मदतीचं वाक्य त्या तीन ओळींतच असल्यामुळे ते विसरलं तर लगेच डोळ्यांत खुपतं.

उलट हाताने किती महाग पडतं याचं उदाहरण सुडोचं आहे. लिनक्सवर साध्या वापरकर्त्याला मर्यादित कामासाठी मालकाचे अधिकार देणारा हा प्रोग्राम. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये त्यातलं एक भोक जगापुढे आणलं. ते जुलै २०११ पासून तिथेच होतं. सुडोच्याच एका रूपाने फक्त फाईल संपादित करता येते. त्या रूपासोबत शेलमधून चालवण्याचा ऑप्शन द्यायला अर्थच नाही, पण ऑप्शन वाचणारा कोड ती जोडी मुकाट घेत होता. मग गंमत अशी झाली, की एका भागाने समजून घेतलं ‘हे संपादन आहे’, म्हणून विशेष चिन्हांपुढे उलटी तिरकी रेघ लावली नाही. दुसऱ्या भागाने समजून घेतलं ‘हे शेलचं आहे’, म्हणून न लावलेल्या रेघा काढायला तो निघाला. वाक्याच्या अगदी शेवटी एकटी रेघ असली, की तो हद्द ओलांडून पुढची स्मृती वाचत आणि लिहीत सुटायचा. त्या यंत्रावरचा कोणीही साधा वापरकर्ता यातून मालक होऊ शकत होता. साडेनऊ वर्षं.

याच सुडोची परवानग्यांची सेटिंग फाईल मात्र याकच्या व्याकरणातून तयार केलेला पार्सर वाचतो. एका घरात दोन चुली. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की जनरेटर असता तर हे भोक आपोआप बुजलं असतं असं नाही. एकेक ऑप्शन ओळखायला सुडो तयार लायब्ररीच वापरतो. गेटऑप्ट हे त्या जातीचं मूळ फंक्शन एटीअँडटीने १९८५ सालीच सर्वांना खुलं केलं होतं. लायब्ररीला अक्षरं कळतात. कोणत्या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे तिला कळत नाही. ब्रूस कोर्ब यांच्या ऑटोऑप्ट्स या जनरेटरमध्ये ते लिहायची सोय आहे : या ऑप्शनबरोबर तो चालणार नाही, अमुक दिला तर तमुक हवाच. पण सोय असणं वेगळं आणि कोणीतरी बसून ते ठरवणं वेगळं. जनरेटरचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तो तुमच्यासमोर रिकामा रकाना ठेवतो, आणि रिकामा रकाना माणसाला विचारात पाडतो. न लिहिलेली ‘जर-तर’ची ओळ कोणालाच दिसत नाही.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही.

पहिला आक्षेप असा, की फाईलचं स्वरूप ठरलेलं असलं, वाचणारा तयार असला, म्हणजे अर्थ बरोबर लागतो असं नाही. सेटिंग फाईलच्या यॅमल या स्वरूपाचं घ्या. आपल्याकडे शेतीपंपाला वीज पाळीपाळीने मिळते, तेव्हा केळीच्या ठिबकच्या वेळा फाईलमध्ये असतील अशी कल्पना करा. सकाळची पाळी ०६:३०, रात्रीची २२:३०. यॅमलच्या १.१ आवृत्तीच्या नियमाने यातली सकाळची वेळ मजकूर म्हणून जशीच्या तशी राहते, कारण तिची सुरुवात शून्याने आहे. रात्रीची मात्र साठाच्या पायावरचा आकडा समजली जाते आणि २२:३० चे १३५० होतात. सकाळचं पाणी वेळेवर, रात्रीचं गायब, आणि फाईल कितीही वेळा बघितली तरी तीत चूक सापडत नाही. हा पार्सर नियमानुसारच चालला. चूक नियमात होती. म्हणून मी म्हणतो, की किंमत पाहून प्रकार ओळखणारा वाचक नको. प्रकार आधी वर्णनात लिहिलेला हवा. ‘ही वेळ आहे’ असं लिहून ठेवलं असेल तर ओळखायचं कारणच उरत नाही. माझ्या पाच ग्रॅमांचं मूळही तेच होतं : तूच ओळख.

दुसरा आक्षेप मला अधिक छळतो. तयार झालेला कोड कोणी वाचत नाही. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं, की एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार ठेवलं आहे. त्याला संशय आला तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून. त्या चोरदाराची किल्ली कुठे होती? जिथे सगळे बघतात त्या मूळ कोडच्या भांडारात नव्हती. वाटपाच्या गठ्ठ्यात, कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या मॅक्रोच्या एका फाईलमध्ये होती. कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणजे जनरेटरने ओकलेल्या हजारो ओळी; त्या वाचायच्या नसतात असा आपल्यात जणू ठरावच झालेला आहे. ज्याला लपायचं होतं त्याने बरोबर ती जागा निवडली. यावर माझ्याजवळ एकच उत्तर आहे, आणि ते पुरतं याची मला खात्री नाही : तयार झालेला कोड वाटू नये, वर्णन वाटावं, आणि ज्याने त्याने आपल्या यंत्रावर तो पुन्हा तयार करून घ्यावा. जनरेटरही दोन तासांत वाचून होईल एवढा लहान असावा.

तिसरी तक्रार हल्लीची. पोरं म्हणतात, जनरेटर कशाला, एआयला सांगा, तो पार्सर लिहून देतो. देतो, आणि रात्री अकरानंतरच्या माझ्यापेक्षा बरा देतो. पण तो देतो ते पुन्हा हस्ताक्षरच. उद्या सेटिंग वाढलं की पुन्हा सांगायचं, आणि आलेला कोड कालच्यासारखाच वागतो का हे पुन्हा दोनशे एकोणसाठ ठिकाणी बघायचं. जनरेटरला तेच वर्णन शंभरदा द्या, शंभरदा तोच कोड मिळेल. एआयकडून काही लिहून घ्यायचंच असेल तर वर्णन लिहून घ्यावं. ते एका पानाचं असतं आणि मुनीमजींनाही वाचता येतं.

जनरेटरचा एक दुर्गुण कोणी बोलत नाही तो मी सांगतो. ऑप्शन घालणं स्वस्त झालं की ऑप्शन फार होतात. जो निर्णय प्रोग्रामरने घ्यायचा तो सेटिंग करून वापरणाऱ्याच्या गळ्यात घालता येतो, आणि वर लवचिकता म्हणून मिरवता येतं. माझ्या सदतीसपैकी चौदा सेटिंग कोणीही कधीही बदललेली नव्हती. वर्णन लिहायला बसलो तेव्हा प्रत्येकासाठी मदतीचं एक मराठी वाक्य लिहावं लागलं, आणि त्या चौदांसाठी मला वाक्यच सुचेना. काढून टाकली.

मराठी वाक्य लिहिण्यामुळेच मी तयार साधन न घेता चारशे ओळींचा स्वतःचा जनरेटर पायथनमध्ये लिहिला. प्रोग्रामरला स्वतःचं हत्यार घडवायची खोड असते, तीही होतीच. पण कारणही होतं. मुनीमजी कधी इंग्रजी आकडे वापरतात, कधी देवनागरी. पायथन देवनागरी ५८० बिनतक्रार वाचतो. सीचं ते फंक्शन त्याचं शून्य करतं, आणि तेही बिनतक्रार. विंडोजच्या नोटपॅडमधून फाईल साठवली की कधी कधी पहिल्या ओळीच्या आधी एक अदृश्य खूण बसते, आणि पहिलं सेटिंग अनोळखी होतं. असे बारकावे एकदाच, एकाच जागी, जनरेटरमध्ये निस्तरले. ते पुन्हा तेवीस ठिकाणी निस्तरायचे नाहीत. आता चूक झाली तर पडद्यावर येतं : ओळ ९, लहान पोत्याचं बारदान, ‘५८० ग्र’ हा आकडा वाटत नाही. आणि काटा सुरूच होत नाही.

वर्णनाचं ते एक पान छापून मी मिलवर नेलं. मुनीमजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि खतावणी तपासावी तसं बोट ठेवून वाचू लागले. ‘लहान पोत्याचं बारदान. ग्रॅममध्ये. ४०० ते १२००. नसल्यास ५८०.’ बोट थांबलं.

"चारशे कशे? प्लास्टिकची पोती येऊन राह्यली ना आता. सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या वर जात नाही एक." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून ४०० वर रेघ मारली आणि शेजारी १०० लिहिलं. मग पुन्हा तीच ओळ वाचली.

"आन हे नसल्यास पाचशे ऐंशी कोनी ठरवलं?"

"मीच."

"तुम्ही काय ताग विकता का?" ते म्हणाले. "लिव्हलं नसंन तर काटा बंद राहू द्या. आम्ही पाहू."

मी वर्णनातून ‘नसल्यास ५८०’ काढलं आणि जनरेटर पुन्हा चालवला.